मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

जालना जिल्ह्यातील हसनाबादची शाळा असो वा मुंबईची, भिंतीवर जगाचा नकाशा असतोच. त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क हा मार्ग दाखवायला सांगितला, की मुले अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून सरळ बोट फिरवतात. आता पृथ्वीगोल घ्या व या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेकडे चढतो. अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलँड असा जाऊन तो कॅनडावरून खाली उतरतो. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग हाच.

गोलाचा व्यास ३० सेंमी असेल, तर परीघ सुमारे ९४ सेंमी व दोरा साडेएकोणतीस सेंमी भरेल. पृथ्वीचा परीघ ४०,००० किमी. त्रैराशिक मांडा, अंतर सुमारे १२,५०० किमी येते. प्रत्यक्षात विमान याहून थोडे जास्त उडते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना पश्चिमेकडे जाताना वळसा घ्यावा लागला.

आता वेळ. सोयीसाठी पूर्णांकातले आकडे घेऊ. हिवाळ्यात मुंबईहून रात्री १ वाजता निघालेले विमान न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ६.३० ला उतरले. परतताना ते सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी ११.३० ला मुंबईत आले. घड्याळांप्रमाणे जाताना साडेपाच तास, येताना साडेचोवीस! हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते. ते धरले तर जायला १६ आणि यायला १४ तास लागले. गंमत अशी, की घड्याळांतला फरक माहीत नसला तरी साडेपाच आणि साडेचोवीस यांची बेरीज ३० तासच येते. एकीकडे वजा झालेले दुसरीकडे मिळते. सरासरी १५ तास, म्हणजे ताशी सुमारे ८३० किमी वेग.

मग जायला दोन तास जास्त का? “पृथ्वी फिरते म्हणून,” हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकतो. ते तपासून पाहू. हसनाबाद सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथली जमीन ताशी सुमारे १,५७० किमी वेगाने पूर्वेकडे जाते. विमानाखालून पृथ्वी अशी सरकत असती, तर पश्चिमेकडचा प्रवास झटपट व्हायला हवा होता. घडते नेमके उलटे. कारण पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि विमान त्या हवेतच उडते.

खरे कारण वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे झोतवारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किमीच्याही वर जातो. येताना विमान त्यांचा फायदा घेते, जाताना त्यांना टाळू पाहते.

दोरा, मोजपट्टी आणि विमानाचे वेळापत्रक एवढ्यावर हा पाठ वर्गात घेता येईल. वेळापत्रकातल्या वेळा स्थानिक असतात, एवढे मात्र आधी सांगा.