मनाम्याच्या सपाटीवरून कुंभार्ली घाटात

सुट्टीवर घरी गेलो की पहिल्या दिवशी माझा उजवा हात गाडीच्या दारावर आपटतो. बिचारा गिअर शोधत असतो. आखातातल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. बहारीनमधली वाहतूक १९६७ साली रस्त्याच्या डाव्या बाजूवरून उजव्या बाजूला गेली. त्यामुळे इथे स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला. गंमत म्हणजे बाकीचं काही उलटं होत नाही. क्लच डावीकडे, ब्रेक मध्ये, ॲक्सिलरेटर उजवीकडे, दोन्हीकडे तेच. गिअरचा नकाशाही तोच, पहिला डावीकडे वर. फक्त भारतात पहिला गिअर आपल्यापासून लांब ढकलावा लागतो, इथल्या गाडीत तो अंगाकडे ओढावा लागतो. आणि आमच्या वॅगनआरमध्ये वळताना इंडिकेटर लावायला जावं तर भर उन्हात वायपर सुरू होतो!

हाताचं हे दोन दिवसांत सुटतं. पायाचं सुटत नाही, हे मला गेल्या वर्षी कळलं.

मनाम्यात बारा वर्षं मी ऑटोमॅटिक चालवतोय. घर गुदैबियात, ऑफिस सित्र्याकडे. अख्खा देश सपाट. इथला सर्वांत उंच डोंगर जबल दुखान, त्याची उंची दीडशे मीटरही नाही. चढ म्हणाल तर उड्डाणपूल आणि मॉलच्या पार्किंगचे रॅम्प. डाव्या पायाला काही कामच नाही.

आमचं घर चिपळूणचं. आईला दर दोन महिन्यांनी कराडला डॉक्टरांकडे न्यावं लागतं आणि बाबाच नेतात. बाबांचं वय ७३, डावा गुडघा धरलेला. मी तीन आठवड्यांसाठी आलो होतो, म्हणून म्हटलं या खेपेला मी चालवतो. बाबांनी किल्ली दिली खरी, पण विचारलं, "घाट आहे हां. जमेल ना?" मी हसलो.

पोफळी मागे पडली आणि कुंभार्ली घाटाचा खरा चढ लागला. एका वळणावर पुढचा ट्रक थांबला, म्हणून मीही थांबलो. मागे एसटी. ट्रक हलला. मी ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटरवर नेला आणि क्लच सोडला. गाडी बंद. पुन्हा सुरू केली, या वेळी गाडी मागे सरकायला लागली. घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, क्लच अर्धवट धरून ठेवला, इंजिन किंचाळलं आणि करपल्यासारखा वास आला. आईने वरचं हँडल घट्ट धरलं होतं. एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही, थोडी जागा सोडून तो शांतपणे थांबला. त्याचे उपकार. शेवटी बाबा म्हणाले, "उतर." तो गुडघा घेऊन ते पलीकडून आले, हँडब्रेक ओढला, पहिला टाकला आणि गाडी एक इंचही मागे न जाता चढली. कराडपर्यंत कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी खेर्डीतल्या आमच्या मिस्त्रींकडे गेलो. प्लेट वाचली होती. त्यांनी जुनी काढलेली एक क्लच प्लेट हातात दिली. भाकरीएवढी चकती, दोन्ही बाजूंना ब्रेकच्या लायनरसारखं अस्तर. इंजिन सारखं फिरत असतं, चाकं थांबलेली असतात आणि या दोघांना एकमेकांवर दाबून एका वेगात आणणारी ती ही चकती. क्लच दाबला की ती सुटते, सोडला की पकडते. या दोन्हींच्या मधल्या जागेत, म्हणजे हाफ क्लचवर, ती घासत असते. घासली की तापते, तापली की करपते. उठताना क्षणभर घासणं ठीक. चढावर गाडी तोलून धरण्यासाठी मिनिटभर घासणं म्हणजे प्लेट जाळणं. मी नेमकं तेच केलं होतं.

मग बाबांनी मला पाच दिवस शिकवलं. भल्या सकाळी, घरामागच्या चढावर. पहिल्या दिवशी तर ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचाच नाही. सपाटीवर पहिला गिअर टाकून क्लच इतका हळू सोडायचा की गाडी आपोआप सरकायला लागेल. ती जागा पायाला कळली पाहिजे. प्रत्येक गाडीत ती वेगळी असते, प्लेट झिजत गेली की बदलतेही. त्यामुळे दुसऱ्याची गाडी हातात आली की आधी दोन वेळा हे करून बघावं.

चढावरचं तंत्र तसं साधं आहे. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर. ॲक्सिलरेटर थोडा दाबून इंजिनचा आवाज किंचित वाढवायचा. क्लच त्या जागेपर्यंत सोडायचा. आवाज जड होतो, बॉनेट जराशी वर उचलल्यासारखी वाटते. आता पाय तिथेच धरून हँडब्रेक खाली. गाडी मागे जात नाही. ती पुढे निघाली की उरलेला क्लच सावकाश सोडायचा. माझी सगळी चूक घाईत होती. हँडब्रेक हा फक्त पार्किंगसाठी, असं ऑटोमॅटिकवाल्यांना वाटतं. घाटात तो तिसरा पाय आहे.

बाबांचं दुसरं टुमणं म्हणजे डावा पाय. गिअर बदलून झाला की तो क्लचवरून बाजूला. नुसता टेकवून ठेवला तरी रिलीज बेअरिंग झिजतं आणि प्लेटची पकड सैल पडते. थांबतानाही आधी ब्रेक, वेग उतरल्यावर अगदी शेवटी क्लच. मी दोन्ही एकदम दाबत होतो, म्हणजे इंजिनचा रोध फुकट घालवत होतो.

उतारावर तर हा रोधच कामाला येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात. दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवला की इंजिनच गाडीला ओढून धरतं. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापून ढिले पडतात. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग आमच्या गावातही आहेत. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जाणंच बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे बचत नाहीच, वर जीव टांगणीला. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! दोन-तीनदा ब्रेक दाबला की त्याची हवेची मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही याच कारणाने आहे. उतरणारा सहज थांबू शकतो. चढणारा थांबला की त्याला माझ्यासारखं पुन्हा उठावं लागतं.

सहाव्या दिवशी आईबाबांना घेऊन पुन्हा घाट चढलो. दोनदा थांबावं लागलं, गाडी मागे गेली नाही. बाबा काही म्हणाले नाहीत, वळणावर त्यांचा स्वतःचा डावा पाय तेवढा हलत होता.

परतल्यावर मनाम्यात वेगळाच धडा मिळाला. सिग्नलवर थांबताना सवयीने डावा पाय क्लच शोधायला गेला. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकचं पेडल रुंद असतं, ते पायाखाली जोरात आलं आणि गाडी जागच्या जागी गचकन थांबली. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. सुट्टीहून येणाऱ्यांनी पहिले दोन दिवस डावा पाय मागे, सीटजवळ ओढून बसावं.

माझा प्रश्न मात्र तीन आठवड्यांचा नाही, उरलेल्या एकोणपन्नासांचा आहे. तो गुडघा किती दिवस क्लच दाबणार? म्हणून बाबांसाठी एएमटी गाडी घ्यायचं माझ्या मनात आहे. भारतात २०१४ साली सेलेरिओबरोबर ती आली आणि छोट्या गाड्यांमध्ये रुळली. तिच्यात क्लचचं पेडल नसतं, पण आत प्लेट तीच असते, यंत्र ती दाबतं. म्हणून चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरली तर तिचीही प्लेट जळते, हँडब्रेक तिथेही लागतो. इथल्या आमच्या गाड्यांतला टॉर्क कन्व्हर्टर वेगळा, त्यात अशी प्लेट घासून उठायचं नसतं.

बाबा आधी ऐकायलाच तयार नव्हते. "दोन पेडलची गाडी म्हणजे खेळणं," म्हणाले. परवा फोनवर आईच्या औषधांचं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "अरे, त्या तुझ्या गाडीत घाट उतरताना गिअर आपण धरून ठेवू शकतो का?" मी म्हटलं, मॅन्युअलवर टाकून दुसरा धरता येतो. थोडा वेळ शांत होते. मग म्हणाले, "डिसेंबरात आलास की बघू एकदा. पण चढावर मी चालवणार."