दादाला कुठली गाडी? इटालियन की जर्मन!

सबमिशनच्या आदल्या रात्री माणसानं मुकाट्यानं फाइल पूर्ण करावी. आमच्या रूमवर मात्र त्या रात्री तीन वाजेपर्यंत गाड्यांवरून भांडण चाललं होतं. कारण देश्याचा दादा. दादा आपल्याच लाइनचा, मेकॅनिकलचा, पाच वर्षं म्युनिचला नोकरी करतोय. पै-पै साठवून त्यानं सेकंडहँड गाडी घ्यायचं ठरवलं आणि दोन गाड्यांपाशी येऊन अडकला. एक २०१६ ची बीएमडब्ल्यू एम३, सिक्स-स्पीड मॅन्युअल. दुसरी २०१७ ची अल्फा रोमिओ जुलिया क्वाड्रिफोलिओ, ऑटोमॅटिक. दोन्हींना दारं चार, इंजिन पुढं, ड्राइव्ह मागच्या चाकांना, आणि किंमत जवळपास सारखी. दादाचा मेसेज आला, "इंजिनीअर होताय ना? मग सांगा!" वहिनींची अट एकच: घरात ही एकच गाडी असणार. बर्फात हीच, पोराला पाळणाघरात सोडायलाही हीच. फसलं तर पुन्हा पाच वर्षं थांबा.

आता आपल्याकडे कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: जर्मन गाडी म्हणजे दणकट, जड आणि थोडी रुक्ष, इटालियन म्हणजे हलकी, देखणी आणि गॅरेजात उभी. शिंद्यानं हेच सुरू केलं. (शिंद्या ई अँड टीसीचा, पण मत सगळ्यावर असतं.) म्हटलं, थांब, आधी वजन बघू.

ब्रोशरमध्ये अल्फाचं वजन १५२४ किलो, एम३ चं १५२०. म्हणजे बरोबरी? इथंच गंमत आहे. अल्फाचा आकडा "ड्राय वेट"चा, म्हणजे पेट्रोल न धरता. बीएमडब्ल्यूचा आकडा डीआयएन पद्धतीचा, म्हणजे ऑइल, कूलंट आणि ९० टक्के भरलेली टाकी धरून. अल्फाची टाकी ५८ लिटरची. नुसत्या पेट्रोलचेच सुमारे ४० किलो झाले, बाकीचे द्रव वेगळेच. म्हणजे हलकी गाडी जर्मन निघाली! आणि अल्फानं काटकसर केली नाही असंही नाही. बॉनेट कार्बन फायबरचं, छत कार्बन फायबरचं, प्रॉपेलर शाफ्टसुद्धा कार्बन फायबरचा. एम३ मध्येही छत आणि शाफ्ट तसेच, वर इंजिनावरची आडवी ब्रेस कार्बनची, जेमतेम दीड किलोची. थोडक्यात, राष्ट्रीय स्वभाव वगैरे बाजूला ठेवा. ब्रोशरमधला आकडा कुठल्या पद्धतीनं मोजलाय ते आधी विचारा.

दुसरा मुद्दा इंजिनाचा, आणि इथं कॅल्क्युलेटर बाहेर निघाला. एम३ मध्ये २९७९ सीसीचं सरळ सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन: ५५० न्यूटन-मीटर टॉर्क १८५० ते ५५०० आरपीएमपर्यंत सपाट, पॉवर ४३१ पीएस. जुलियात २८९१ सीसीचं ९० अंशांचं व्ही६, तेही ट्विन टर्बो, फेरारीच्या व्ही८ शी नातं सांगणारं: ६०० न्यूटन-मीटर २५०० ते ५०००, आणि ५१० पीएस ६५०० आरपीएमला. शिंद्या लगेच म्हणाला, "७९ पीएस जास्त, विषय संपला."

विषय संपला नव्हता. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले अँग्युलर व्हेलॉसिटी, हे फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी घोकलंय. ५५०० आरपीएमला ५५० न्यूटन-मीटर म्हणजे ३१७ किलोवॅट, बरोबर ४३१ पीएस. तिथून ७३०० पर्यंत बीएमडब्ल्यूनं पॉवर सपाट ठेवली आहे, म्हणजे टॉर्क जाणूनबुजून उतरत जातो आणि ७३०० ला ४१५ च्या आसपास येतो. आधी टॉर्कचं पठार, ते संपतं तिथंच पॉवरचं पठार सुरू! ड्रायव्हरच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की मॅन्युअलमध्ये गिअर थोडा उशिरा टाकला तरी काही बिघडत नाही. अल्फाला मात्र ६५०० लाही ५५० च्या वर टॉर्क असतो. ती वरच्या टोकाला खरोखर जोरात ओढते. सरळ रस्त्यावर अल्फा पुढं, यात वाद नाही. पण म्युनिचहून ऑफिसला जाताना ४३१ कमी पडले असं कोण म्हणेल?

सरळ सहाची आणखी एक बाब. यात प्रायमरी आणि सेकंडरी, दोन्ही फोर्स आणि कपल आपोआप बॅलन्स होतात. (टीओएमच्या व्हायवाला हमखास विचारतात, लिहून ठेवा.) व्ही६ मध्ये प्रत्येक बाजूला तीनच सिलिंडर, त्यामुळे इंजिन पुढं-मागं डुलायला बघतं. मग अल्फानं व्ही६ का घेतलं? कारण ते आखूड असतं. आखूड इंजिन एक्सलच्या मागं सरकवता येतं आणि वजनाची वाटणी पुढं-मागं ५०:५० जमते. बॅलन्स द्या, जागा घ्या. मेसमधल्या एक्स्ट्रा पोळीसारखा हा सौदा आहे, भात कमी होणारच!

आता मला जे सर्वात महत्त्वाचं वाटतं ते, म्हणजे पुढची चाकं. एम३ ला पुढं मॅकफर्सनच्या वळणाचा स्ट्रट आहे. स्ट्रटची अडचण अशी, की वळणावर गाडी कलली की बाहेरच्या चाकाचा कॅम्बर बिघडतो, टायर कडेवर उभा राहतो आणि रस्त्याला टेकलेला भाग कमी होतो. डबल विशबोनमध्ये वरचा हात आखूड आणि खालचा लांब ठेवून चाक कलण्याच्या उलट दिशेला झुकवता येतं. जुलियाला ॲल्युमिनियमचे डबल विशबोन आहेत. बीएमडब्ल्यूनं यावर दुसऱ्या बाजूनं मात केली: गाडी कलूच द्यायची नाही! म्हणून स्प्रिंगा कडक, आणि मागची सबफ्रेम रबराच्या बुशविना थेट बॉडीला बोल्ट केलेली. चाक जिथं ठेवलंय तिथंच राहतं, पण खराब रस्ता पाठीला कळतो. अल्फाला स्प्रिंगा तेवढ्या कडक ठेवाव्या लागत नाहीत.

त्यात जुलियाचा स्टिअरिंग रेशो ११.८. बहुतेक सलून गाड्यांत तो १५ च्या आसपास असतो. हिशेब करा: स्टिअरिंग ९० अंश फिरवलं की साध्या गाडीत चाक ६ अंश वळतं, हिच्यात साडेसातच्या वर. नुसतं असं केलं तर गाडी चिडखोर होईल, पण पुढचं सस्पेन्शन टायर सपाट ठेवतं म्हणून ते खपतं. ह्या गाडीचा इंजिनीअरिंग प्रमुख फिलिप क्रीफ फेरारीतून आलेला होता, हे इथं दिसतं.

डिफरन्शियलमध्येही तेच. एम३ ला एक इलेक्ट्रॉनिक क्लच, तो दोन्ही मागची चाकं हवी तेवढी जखडतो. पण वळणात शिरताना चाकं जखडली की टॉर्क हळू फिरणाऱ्या, म्हणजे आतल्या चाकाकडं जातो आणि गाडी सरळ जायला बघते. जुलियात दोन क्लच, डाव्याला वेगळा, उजव्याला वेगळा. बाहेरच्या चाकाला जास्त टॉर्क देऊन गाडीला वळणात ढकलता येतं. २०१६ मध्ये ऑटोमॅटिक जुलियानं २०.८ किलोमीटरच्या न्युर्बुर्गरिंगवर ७ मिनिटं ३२ सेकंदांचा लॅप मारला, त्यात ह्या सगळ्याचा वाटा आहे. पिरेली कोर्सा टायरचाही आहे. तो अर्धा रेसिंगचाच टायर, थंड ओल्या रस्त्यावर त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये. जर्मनीत २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. तेव्हा दादाला दुसरा सेट घ्यावाच लागणार. तसा तो एम३ लाही लागणार म्हणा.

आणि ब्रेक! जुलियाचा पेडल साध्या गाडीसारखा थेट हायड्रॉलिकला जोडलेला नाही, मधे इलेक्ट्रॉनिक्स आहे. बूस्टर आणि एबीएस एकाच युनिटमध्ये. ते युनिट कॉन्टिनेंटलचं, म्हणजे जर्मन. आठ स्पीडचा गिअरबॉक्स झेडएफचा, तोही जर्मन. इटालियन गाडी म्हणे!

"मग मर्सिडीज का नाही?" असं वॉर्डन सरांनी विचारलं. (हो, तोपर्यंत तेही आले होते, आधी ओरडायला आणि मग बसायला.) त्या काळच्या सी६३ मध्ये चार लिटरचं व्ही८ होतं, आवाज जबरदस्त, पण दादाच्या बजेटबाहेर. २०२२ मध्ये मर्सिडीजनं ते काढून दोन लिटरचं चार सिलिंडर आणि मागं इलेक्ट्रिक मोटर बसवली: ६८० पीएस, आणि वजन दोन टनांच्या वर. २०२० ला आलेली एम३ सुद्धा १७०० किलोंच्या पुढं गेली. म्हणून दादा जुन्याच शोधत होता.

शेवटी मी लिहून पाठवलं: घरात दोन गाड्या असत्या तर डोळे मिटून जुलिया. एकच असेल तर माझं मत एम३ ला, ते मॅन्युअल गिअर, ते सपाट पॉवरचं पठार, आणि कंपनी म्युनिचचीच असल्यामुळं काही झालं तर दुरुस्ती घराजवळ. शिंद्या अल्फावर अडून बसला. रविवारच्या फीस्टची पैज लागली.

पंधरा दिवसांनी फोटो आला. दादानं दोन्ही गाड्या तासतासभर चालवल्या होत्या. वहिनींना खडबडीत रस्त्यावर एम३ चे धक्के सोसवले नाहीत, पोरगं मागं झोपेना. अल्फात झोपलं. फोटोत लाल जुलिया, चारही चाकांना हिवाळी टायर, मागच्या सीटवर बेबी सीट, आणि ते ओरिजिनल कोर्सा टायर पार्किंगच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेले.

विशबोन बरोबर ओळखलं होतं, पण त्याचं उत्तर पोराच्या झोपेत असेल हे सुचलं नाही. फीस्ट मी दिली. सबमिशनची फाइल अजून अपुरीच आहे.