गाणे कोणाच्या मालकीचे?

१९८७ साली अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर नाइकी कंपनीच्या बुटांची एक जाहिरात झळकली आणि तिने मोठे वादळ उठविले. जाहिरातीमागे वाजत होते ते बीटल्सचे १९६८ मधील 'रेव्होल्यूशन' हे गाणे. ते मुख्यतः ज्यांनी लिहिले ते जॉन लेनन १९८० मध्येच हत्येला बळी पडले होते. बीटल्सच्या ॲपल कंपनीने न्यायालयात धाव घेतली आणि १९८९ मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटले. या प्रकरणातील लक्षणीय गोष्ट अशी की, जाहिरातदाराने काहीही चोरले नव्हते. ध्वनिमुद्रणासाठी ध्वनिमुद्रिका कंपनीची आणि गीतासाठी गीताच्या मालकाची, अशा दोन्ही परवानग्या त्याने रीतसर घेतल्या होत्या. मात्र गीताचे मालक लेनन यांचे वारस नव्हते, पॉल मॅकार्टनीही नव्हते. ते होते मायकेल जॅक्सन!

हे कसे घडले ते समजण्यासाठी एक व्यावसायिक भेद ध्यानात घ्यावा लागतो. ज्याला आपण एक गाणे म्हणतो, त्यात कायद्याच्या दृष्टीने दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही पहिली. ती गीतकार-संगीतकाराची आणि त्याच्याकडून हक्क घेणाऱ्या प्रकाशकाची. विशिष्ट गायकाने विशिष्ट दिवशी केलेले ध्वनिमुद्रण ही दुसरी. ती बहुधा ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीची. रेडिओवर गाणे वाजले, कोणी ते पुन्हा गायिले, चित्रपटात वा जाहिरातीत वापरले, की या मालमत्तांवरील धन मालकांकडे जाते. श्रोत्याच्या मनात गाणे गायकाचे असते. हिशेबाच्या वहीत ते दुसऱ्याच कोणाचे असू शकते.

लेनन आणि मॅकार्टनी यांच्या गीतांसाठी फेब्रुवारी १९६३ मध्ये 'नॉर्दर्न साँग्ज' ही कंपनी स्थापन झाली. त्या वेळी लेनन २२ वर्षांचे होते, मॅकार्टनी अवघे २० वर्षांचे. कंपनीचा अर्धा हिस्सा प्रकाशक डिक जेम्स आणि त्यांचे भागीदार यांच्याकडे गेला. ज्यांच्या प्रतिभेवर ती उभी होती, त्या दोघांकडे प्रत्येकी २० टक्के आणि व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांच्याकडे १० टक्के राहिले. १९६५ मध्ये कंपनीचे भाग शेअरबाजारात आले आणि दोघांचे हिस्से प्रत्येकी १५ टक्क्यांवर उतरले. जॉर्ज हॅरिसन यांच्या वाट्याला तर नाममात्र भाग आले. आपली गाणी ज्या कंपनीच्या तिजोरीत जातात तिच्यावर त्यांनी 'ओन्ली अ नॉर्दर्न साँग' हे उपरोधिक गाणेच रचले.

१९६७ मध्ये एपस्टाइन यांचे निधन झाले. मार्च १९६९ मध्ये जेम्स आणि त्यांच्या भागीदाराने आपले भाग लू ग्रेड यांच्या 'एटीव्ही' या कंपनीला विकून टाकले. लेनन त्या वेळी नवविवाहित होते आणि मधुचंद्रासाठी परदेशी गेले होते. आपली कंपनी आपल्या ताब्यात यावी म्हणून दोघांनी धडपड केली, परंतु ती निष्फळ ठरली आणि त्याच वर्षी त्यांनी उरलेले भागही विकले. पुढे मॅकार्टनी यांनीच मायकेल जॅक्सन यांना गीतांच्या हक्कांमध्ये पैसे गुंतविणे किती फायद्याचे असते, हे समजावून सांगितले. शिष्याने धडा चांगलाच गिरविला. १९८५ मध्ये जॅक्सन यांनी ४ कोटी ७५ लाख डॉलरना एटीव्हीचा गीतसंग्रह विकत घेतला; त्यात लेनन-मॅकार्टनी यांची सुमारे अडीचशे गीते होती. १९९५ मध्ये हा संग्रह सोनी कंपनीबरोबरच्या भागीदारीत गेला आणि २०१६ मध्ये सोनीने जॅक्सन यांच्या वारसांकडील अर्धा हिस्सा ७५ कोटी डॉलरना घेतला. तोवर या भागीदारीत इतर असंख्य गीतांची भर पडली होती, हे खरे. तथापि वीस-बावीस वर्षांच्या दोन तरुणांनी १९६३ मध्ये नेमके काय सोडून दिले, याची कल्पना या आकड्यांवरून यावी.

येथे प्रकाशकाची बाजूही विचारात घेतली पाहिजे. १९६३ च्या आरंभी बीटल्सना ओळखणारे फार थोडे होते. डिक जेम्स यांनी एक दूरध्वनी करून त्यांना राष्ट्रीय दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय कार्यक्रम मिळवून दिला होता. बहुतेक गाणी विस्मृतीत जातात आणि त्यांच्यावर लावलेले भांडवल बुडते. दहा गाण्यांतील नुकसान एका गाण्याने भरून निघाले नाही, तर नव्या गायकावर पैसे लावण्यास कोणी धजावणार नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु त्यातून प्रकाशकाला जोखमीचा मोबदला मिळावा एवढेच सिद्ध होते. तो मोबदला कायमचा आणि संपूर्ण असावा, हे सिद्ध होत नाही. जमिनीचा व्यवहार करताना दोन्ही पक्षांना तिचे क्षेत्रफळ तरी ठाऊक असते. गाण्याची किंमत ते लोकांनी ऐकेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते, आणि ते लिहिणारा सही करताना बहुधा तरुण व गरजू असतो. म्हणूनच इतर व्यवहारांचा न्याय येथे जसाच्या तसा लावता येत नाही.

अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्याने ही विषमता ओळखली. त्यानुसार १९७८ पूर्वीच्या कृतींचे हस्तांतरित हक्क कॉपीराइट मिळाल्यापासून ५६ वर्षांनी, तर त्यानंतर हस्तांतरित केलेले हक्क साधारणपणे ३५ वर्षांनी लेखकाला परत मागता येतात. करारात काहीही लिहिलेले असले तरी हा अधिकार त्याच्याकडून काढून घेता येत नाही. मात्र तो अमेरिकेपुरता आहे. 'ड्युरान ड्युरान' या इंग्लिश वाद्यवृंदाने तो वापरू पाहिला, तेव्हा डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने इंग्लिश कायद्याखालील करारावर बोट ठेवून निकाल त्यांच्या विरोधात दिला. पुढच्याच महिन्यात मॅकार्टनी यांनी न्यू यॉर्कमध्ये सोनीच्या कंपनीवर दावा लावला. काही महिन्यांत तो गुप्त अटींवर मिटला. वयाच्या विसाव्या वर्षी केलेली सही पुसण्यासाठी मॅकार्टनींना ७४ व्या वर्षी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

गीतांच्या हक्कांची विक्रीच वाईट, असा मात्र याचा अर्थ नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये बॉब डिलन यांनी आपल्या सहाशेहून अधिक गीतांचे हक्क युनिव्हर्सल कंपनीला विकले. वर्षभराने ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी आपली गीते व ध्वनिमुद्रणे सोनीला विकली. डिलन तेव्हा ७९ वर्षांचे होते, स्प्रिंगस्टीन ७२ वर्षांचे. आपल्या निर्मितीचे मोल पुरते जाणून, उतारवयात केलेला तो सौदा होता. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. याउलट टेलर स्विफ्ट यांच्या पहिल्या सहा ध्वनिमुद्रिकासंचांची मूळ मुद्रणे २०१९ मध्ये त्यांच्या इच्छेविरुद्ध दुसऱ्याच्या हाती गेली. गीते त्यांचीच होती, म्हणून २०२१ पासून त्यांनी त्यांतील चार संच नव्याने गाऊन काढले आणि २०२५ मध्ये मूळ मुद्रणेही विकत घेतली. हे यश मोठेच. पण ते अफाट लोकप्रियतेच्या बळावर मिळालेले आहे. सामान्य कलावंताला ते बळ कोठून लाभणार?

हा प्रश्न साता समुद्रापलीकडचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९६० नंतरच्या दशकात गायकांनाही रॉयल्टी मिळावी असा आग्रह लता मंगेशकर यांनी धरला. ठरलेले मानधन मिळाले की गायकाचा गाण्याशी संबंध संपतो, असे महंमद रफी यांचे मत होते. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबविले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता होय. त्याच निकालपत्राला जोडलेल्या टिपणीत न्या. कृष्ण अय्यर यांनी गायकाच्या वंचित स्थितीकडे लक्ष वेधले. कायदा बदलण्यास आणखी ३५ वर्षे जावी लागली. राज्यसभेचे सदस्य असताना जावेद अख्तर यांनी ज्याचा पाठपुरावा केला, त्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा चित्रपटगृहाबाहेरील वापरावरील रॉयल्टीचा समान वाटा अबाधित केला. तो करारानेही सोडून देता येत नाही. व्यापारी वापरासाठी गायकालाही वाटा मान्य झाला.

तरीही उणीव उरतेच. आपल्याकडे कलावंताला वाटा मिळतो. परंतु ठराविक वर्षांनी मूळ हक्कच परत मागण्याची अमेरिकेसारखी सर्वसाधारण तरतूद नाही. गाणे जाहिरातीत वाजावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार पैशाच्या वाट्याने परत येत नाही. नव्या भाषेतील, नव्या चालींतील गाणी आज गावोगावची मुले रचीत आहेत आणि त्यांच्यापुढे इंग्रजीतील छापील करार येत आहेत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क केवळ पाच वर्षांसाठीच दिले असे मानावे, असे आपला कायदा सांगतो. हे त्यांच्यापैकी कितीजणांना माहीत असेल? कंपनीच्या वकिलाला मात्र ते पक्के माहीत असते. म्हणून मुदतीचा रकाना सहसा मोकळा राहत नाही. तेव्हा सह्या करणाऱ्याने शहाणे व्हावे, एवढे सांगून भागणार नाही. विसाव्या वर्षी केलेल्या सहीचा फेरविचार करण्याची एक संधी कायद्यानेच त्याला दिली पाहिजे.