केडगावची बाई हरली की जिंकली?

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत कधी बसलात, तर केडगाव स्टेशन आलं की जरा बाहेर बघा. भीमेच्या अलीकडचा हा दौंड तालुका, पलीकडे शिरूर. आज इकडे ऊस दिसतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पाऊस हुलकावणी देई आणि माणसं देशोधडीला लागत. इथल्याच सुमारे शंभर एकर माळावर पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं.

रमाबाईंचं नाव तुम्हांला ठाऊक असेलच. पण त्यांच्या आयुष्याचा हिशेब आपण घरखर्चाच्या वहीसारखा मांडायचा म्हटलं, तर जमेच्या बाजूला काय लिहाल? आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात उपासमारीनं गेली. मग भाऊ गेला. १८८० साली जातीबाहेर लग्न केलं, ते नवरेही दोन वर्षांत गेले. तान्ही मनोरमा तेवढी कडेवर. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ज्या पुण्यानं ‘पंडिता’ म्हणून डोक्यावर घेतलं होतं, त्याच पुण्यानं पाठ फिरवली.

तरी त्या परत आल्या. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. धर्माबाबत तिथं सक्ती नव्हती. पण बाईंच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार उघडं असे, मुली आपणहून येऊन बसत, आणि गावात बोभाटा झाला. ‘केसरी’नं धारेवर धरलं. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. खरं सांगायचं तर पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती. विश्वासानं पोर पाठवणाऱ्या घराला असं वाटणारच. पण बाईंनीही दार लावून घेतलं नाही.

त्यांची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ती ख्रिस्ती झाली नाही. १८९३ मध्येच तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, आणि पुढं विधवाश्रमासाठी ही बाया कर्वे स्वतः वर्गणी गोळा करत हिंडली. किती जणी बाटल्या एवढंच मोजणाऱ्यानं हिला कुठल्या रकान्यात घालायचं, सांगा बरं!

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. उपास म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. १९०० पर्यंत केडगावात दोन हजारांच्या आसपास माणसं जेवत होती. (आपल्याकडे चार पाहुणे जास्त आले तर आपली काय त्रेधा उडते!) विणकाम, तेलाचा घाणा, गोठा, छापखाना, सारं बायकाच चालवत. मनोरमेनं आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं.

ख्रिस्ती धर्मात हार-जितीचा हिशेब मुळातच वेगळा आहे. क्रूसावर खिळलेला माणूस पाहणाऱ्यांच्या लेखी हरलाच होता. श्रद्धा सांगते, तिथंच तो जिंकला. ही श्रद्धा तुमची-माझी नसेलही, पण ती धरून राहणं म्हणजे काय, हे केडगावात दिसतं. पंचेचाळिशी उलटल्यावर रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी करायला बसल्या. खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून भाषा साधी ठेवली. काम चालू असतानाच २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. जिच्या हाती संस्था सोपवायची तीच लेक! आईनं तरीही भाषांतर पुरं केलं. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या.

मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी छापलेलं ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. चर्चमधून ते फारसं रुळलं नाही. संस्था मात्र अजून आहे, आणि ज्यांना दुसरीकडे थारा नाही अशा बायका-मुली आजही तिथं राहतात.