तळेगावच्या कारखान्याचे दिवाळे निघाले असते तर

मावळात नवलाख उंबऱ्याच्या शिवारात, तळेगाव एमआयडीसीच्या दुसऱ्या टप्प्यात, जनरल मोटर्सचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. त्याच महिन्यात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स कोसळली आणि पुढच्या वर्षी १ जूनला खुद्द जनरल मोटर्स न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयात उभी राहिली. मालमत्ता सुमारे ८२ अब्ज डॉलर, देणी १७३ अब्जांच्या घरात. भारतातली उपकंपनी त्या अर्जात नव्हती, त्यामुळे तळेगाव वाचले असे मानले गेले. मला मात्र वाटते, पुढे इथल्या कामगारांच्या वाट्याला जे आले त्यापेक्षा रीतसर दिवाळे परवडले असते.

न्यूयॉर्कमध्ये काय झाले ते पाहा. चालण्याजोगे कारखाने, ब्रँड आणि करार नव्या कंपनीने विकत घेतले. नको असलेली मालमत्ता आणि बरीचशी जुनी देणी घेऊन जुनी कंपनी मागे राहिली. हे सारे चाळीस दिवसांत उरकले. अमेरिकी सरकारने जवळपास ५० अब्ज डॉलर ओतले आणि ६१ टक्के मालकी घेतली. सुमारे २७ अब्जांच्या रोखेधारकांची १० टक्क्यांवर बोळवण झाली. पण निवृत्त कामगारांच्या आरोग्यनिधीला साडेसतरा टक्के शेअर मिळाले. न्यायालयाला कामगारांचा कळवळा आला होता असे नाही. अनेक कारखान्यांना तेव्हाच टाळे लागले. फरक इतकाच की कामगारांचे येणे धनकोंच्या यादीत आकडा होऊन बसले होते, आणि त्याचा निकाल लावल्याशिवाय सौदा पुढे सरकत नव्हता.

तळेगावात अशी यादी कधी झालीच नाही. मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा ती कर्जात बुडालेली नव्हती. उलट नफा न देणारे देश एकेक करून सोडत होती. त्याच वर्षी तिने युरोपातली ओपेलही विकून टाकली. पुढची तीन वर्षे इथे मेक्सिकोसाठी बीट गाड्या तयार होत राहिल्या, त्याही डाव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या. ज्या गाडीवर कामगार पाळी भरत होता, ती त्याला इथे विकतही मिळत नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये लाइन थांबली. चीनच्या ग्रेट वॉलशी ठरलेला सौदा सीमेवरच्या तणावात आणि परवानग्यांत अडकून २०२२ मध्ये बारगळला. मधल्या काळात, २०२१ मध्ये, चौदाशेच्या आसपास कामगारांना ले-ऑफ मिळाला आणि युनियन कोर्टकचेऱ्यांत गुंतली. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला तो जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा. न्यूयॉर्कचीच युक्ती ही, चांगले उचला आणि बाकीचे मागे ठेवा. फक्त इथे मागे राहिलेल्यांचा हिशेब सौद्याच्याच टेबलावर मांडायला लावणारा न्यायाधीश नव्हता.

यावर कोणी म्हणेल, गाड्या खपल्या नाहीत, त्याला कोण काय करणार? खरेच खपल्या नाहीत. २०१३ मध्ये तवेराच्या उत्सर्जन चाचण्यांतले गैरप्रकार उघड होऊन लाखावर गाड्या परत बोलवाव्या लागल्या, हेही कंपनीचेच कर्तृत्व. पण म्हणून बाहेर पडण्याची झळ कोणी सोसायची, हा प्रश्न सुटत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपनी अवसायनात निघाली, तर कामगारांच्या फक्त २४ महिन्यांच्या थकबाकीला तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीचे स्थान मिळते, नोकरीची हमी तर नाहीच. जेट एअरवेजचे कर्मचारी वर्षानुवर्षे ताटकळले आणि शेवटी २०२४ मध्ये कंपनी अवसायनातच गेली. हे मान्य. तरीही त्याच प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा बोजा खरेदीदारावर टाकला होता. तळेगावचा सौदा करताना असा आदेश आपल्यावर येईल, ही धास्तीच कोणाला नव्हती.

धडधाकट कंपनीला अडवायला उरत होता तो औद्योगिक विवाद कायदा. त्यात शंभर किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत असे; त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेत ती मर्यादा तीनशेवर गेली आहे. पण परवानगीची फाइल एका दालनात आणि विक्रीचा करार दुसऱ्या, अशी विभागणी राहिली तर मर्यादा कितीही ठेवली तरी फरक पडणार नाही. दोन्हींची सुनावणी एकत्र घेणे कायद्याच्या दृष्टीने फार अवघड नसावे. २०२५ मध्ये तळेगावातून ह्युंदाईची नवी व्हेन्यू बाहेर पडू लागली. मावळात रोजगार परत आला, हे चांगलेच झाले. तो त्याच माणसांकडे आला का, हे विचारणे मात्र त्या करारात कोणाचेच काम नव्हते.