घडीचें लांकडी पीप

रिकामें भांडें वाहून नेणें हा तोट्याचा व्यवहार आहे, हें कोणत्याहि गाडीवानाला शिकवावें लागत नाहीं. भरलेलें पीप जातांना भाडें मालाचें पडतें. तेंच पीप परत येतांना भाडें हवेचें पडतें. अमरावतीहून परतवाड्याकडे निघालें म्हणजे वाटेंत पेढी नदीच्या कांठीं वलगांव लागतें. अशा रस्त्यावरून निळ्या प्लॅस्टिकच्या रिकाम्या पिपांनीं शिगोशीग भरलेला ट्रक जातो, तेव्हां तो मोठा बोजा घेऊन चालला आहे असा पाहणाऱ्याचा समज होतो. वस्तुतः तो जवळजवळ कांहींच नेत नसतो. त्याची जागा मात्र सगळी अडलेली असते.

ह्याच वलगांवाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजीं संत गाडगेबाबांनीं देह ठेवला. बाबांजवळ भांडें एकच. जेवतांना तें ताट होई आणि वाट चालतांना डोक्यावरची टोपी होई. रिकाम्या भांड्याचें भाडें चुकविण्याची ह्याहून सोपी युक्ति कोणाला सांपडली असेल असें वाटत नाहीं. व्यापाऱ्याला मात्र ती उपयोगी पडण्यासारखी नाहीं.

बादली, घमेलें, टोपली हीं भांडीं वर रुंद व तळाशीं निमुळतीं असतात, म्हणून एकांत एक बसतात. दुकानदार पन्नास बादल्या एका कोपऱ्यांत उभ्या करतो. पिपाचें तसें नाहीं. त्याचीं दोन्ही तोंडें सारखीं आणि दोन्ही बंद. एकाच्या पोटांत दुसरें जात नाहीं. तेव्हां जागा वांचवावयाची असेल तर एकच मार्ग उरतो: पीप मोडून न्यावें आणि हवें तेथें पुन्हां उभें करावें.

कल्पना ऐकावयास नवी वाटते; परंतु लांकडी पीप मुळांतच मोडण्याजोगें आहे. पेटी खिळ्यांनीं जोडलेली असते. खिळे उपटले कीं फळी फाटते. जुन्या पद्धतीच्या उत्तम पिपाची भिंत मात्र खिळ्यांवांचून व सरसावांचून उभी असते. उभ्या पट्ट्या एकमेकींना खेटून वर्तुळांत बसविलेल्या, त्यांच्या आंतील अंगास दोन्ही टोकांजवळ कोरलेल्या खोबणींत तळ व झांकण अडकविलेलें, आणि बाहेरून लोखंडी बंद आवळलेले. एवढाच काय तो मामला. बंद ठोकून खालीं पाडले कीं भिंत सुटते. दगडी कमानींत जसा प्रत्येक दगड शेजारच्याला रेटून धरतो, तशी पिपांत प्रत्येक पट्टी शेजारणीला रेटून धरते. कमान अर्धवर्तुळाची; पीप पूर्ण वर्तुळाचें, इतकाच फरक.

मराठींतील ‘पीप’ हा शब्दच पोर्तुगीज ‘पीपा’वरून आलेला आहे. ज्या दर्यावर्दी लोकांनीं हा शब्द कोंकणच्या किनाऱ्यावर आणला, त्यांच्या देशाच्या किनाऱ्यावरच मोडलेल्या पिपांची एक मोठी हकीकत घडली. १५८७ सालीं इंग्लंडचा दर्यावर्दी फ्रॅन्सिस ड्रेक ह्यानें पोर्तुगालच्या दक्षिणेकडील सेंट व्हिन्सेंट भूशिराच्या आसपास स्पेनच्या आरमाराकडे जाणारीं लहान गलबतें पकडलीं. त्यांत सोनें नव्हतें, तोफाहि नव्हत्या. पिपांच्या सुट्या पट्ट्या आणि बंद होते. ड्रेकनेंच त्यांचें वजन १६०० ते १७०० टन असल्याचें कळविलें. त्यानें तें सर्व जाळून टाकलें. पुढच्या वर्षीं, १५८८ सालीं, स्पेनचें प्रचंड आरमार निघालें तेव्हां घाईनें ओल्या लांकडाचीं पिपें करावीं लागलीं होतीं. तीं गळलीं, पाणी गेलें, अन्न नासलें. त्या आरमाराच्या नाशाला तोफा आणि वादळें हीं कारणें होतींच. पण सुकलेल्या लांकडाच्या पट्ट्या ही काय चीज आहे, तें स्पेनला तेव्हां पुरतें कळलें.

ह्या हकीकतींत आजच्या प्रश्नाचें उत्तर दडलेलें आहे. पीप मोडून नेण्याची रीत जुनीच आहे. अमेरिकेंतून वेस्ट इंडीज बेटांकडे साखरेसाठीं आणि रमसाठीं पिपें जात, तींहि पट्ट्यांच्या मोळ्या बांधून. देवमाशांच्या शिकारीचीं जहाजें कांहीं पिपें अशींच मोडून बरोबर घेत आणि तेल निघेल तसतशीं तीं उभीं करीत. परंतु त्या जहाजांवर एक कुशल पीपकार ठेवलेला असे. मोडणें कोणालाहि येई. उभें करणें त्यालाच येई. घडीचें पीप करावयाचें म्हणजे पीपकाराचें कौशल्य मोळी बांधण्यापूर्वींच लांकडांत घालून ठेवावयाचें, म्हणजे पलीकडच्या टोकाला साध्या हमालालाहि तें उभें करतां यावें. खरी अडचण ती इथें आहे.

वऱ्हाडच्या खेड्यांत ह्या कौशल्याचीं दोन अंगें फार पूर्वींपासून होतीं, पण तीं निरनिराळ्या घरांत होतीं. एक होतें वाढई व लोहार ह्यांच्याकडे. बैलगाडीचें लांकडी चाक म्हणजे तुंबा, आरे आणि पुठ्ठे ह्यांचा जुळवलेला मेळ. त्याला आवळून धरते ती लोखंडी धांव. लोहार धांव मुद्दाम थोडी आखूड करतो, गोवऱ्यांच्या भट्टींत तापवितो, आणि फुगलेली असतांनाच चाकावर बसवून वरून पाणी ओततो. चाकाचा घेर ४४० सेंटिमीटर आणि उष्णता ५०० अंशांनीं वाढलेली धरली, तर धांव सुमारें अडीच सेंटिमीटर वाढते. थंड होतांना तेवढ्याच जोरानें ती पुठ्ठ्यांना आंत ओढते. पिपाचा बंद हेंच काम करतो. दुसरें अंग होतें बुरुडाकडे. त्यानें विणलेला बांबूचा तट्टा गुंडाळून खांद्यावर नेतां येतो आणि गाडीवर उभा केला कीं त्याची भिंत होते. कणगी आणि ढोली हीं ह्याच विद्येचीं मोठीं अपत्यें. वाढयाची वस्तु बळकट, पण मोडतां न येणारी. बुरुडाची वस्तु गुंडाळतां येणारी, पण नाजूक. रबरी चाकांच्या गाड्या आल्यावर पहिल्याचें काम गेलें, पोतीं आणि पत्र्याच्या कोठ्या आल्यावर दुसऱ्याचें कमी झालें. घडीच्या पिपाला ह्या दोघांचीहि गरज आहे.

आतां प्रत्यक्ष पीप कसें असावें? त्याला पोट नसावें, हें पहिलें. विलायती पिपाचें फुगलेलें पोट दिसावयास सुंदर आणि उपयोगीहि आहे. भरलेलें जड पीप त्या पोटावर एकटा मनुष्य लोळवितो व फिरवितो. पण त्यासाठीं प्रत्येक पट्टी मध्यें रुंद व टोकांना अरुंद तासावी लागते, आणि विस्तवावर तापवून वांकवावी लागते. सरळ भिंतीचें पीप ह्या दोन्ही कटकटींतून सुटतें, आणि सरळ पट्ट्या एकावर एक सपाट निजतात.

समजा, भिंतीला २० पट्ट्या घेतल्या. प्रत्येक पट्टी ८० सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर जाड. बाहेरून साडेआठ सेंटिमीटर रुंद आणि आंतून आठाला किंचित् कमी. आंतील व्यास ५० सेंटिमीटर येतो आणि पोटांत १४५ लिटरांच्या आसपास माल राहतो. वर्तुळाचे ३६० अंश वीस पट्ट्यांत वांटले म्हणजे एकीच्या वांट्याला १८ आणि तिच्या एकेका कडेला ९ अंशांचा उतार येतो. सारी विद्या ह्या नऊ अंशांत आहे. प्रत्येक कडेला अवघ्या अर्ध्या अंशाची चूक झाली, तर चाळीस कडांची मिळून ती २० अंशांची होते, म्हणजे एका अख्ख्या पट्टीहून अधिक. मग सांधे आंतून तरी उघडे राहतात, नाहीं तर बाहेरून. म्हणून हें काम डोळ्याच्या अंदाजावर सोडूं नये. विलायती पीपकार लांबलचक रंधा उलटा टेकवून ठेवतो आणि पट्टीच त्यावरून फिरवितो. त्या रंध्याच्या बाजूला नऊ अंशांचा लांकडी टेका एकदां अचूक बसविला, कीं विसावी पट्टी पहिलीसारखीच उतरते. वांकस आणि हात ह्यांवर भिस्त ठेवणाऱ्या जुन्या कारागिराला टेका लावून काम करणें कदाचित् कमीपणाचें वाटेल. पण घडीच्या पिपाला सुंदर पट्टी नको आहे, एकसारखी पट्टी हवी आहे.

पुढची युक्ति बुरुडाची. सुट्या वीस पट्ट्या उभ्या करतांना दोन हात पुरत नाहींत. एक लावावी तों दुसरी पडते. म्हणून पांच-पांच पट्ट्या बाहेरच्या अंगानें सुती नवारीनें जोडाव्या. नवार बाजेला लावतात तीच. ती बंदांच्या जागा सोडून बारीक चुकांनीं ठोकावी. अशा चार चटया झाल्या. जमिनीवर त्या सपाट पसरतात. उचलून आंत वळवूं लागलें कीं उतारलेल्या कडा मिटतात आणि पिपाची पाव भिंत तयार होते. नवारीवर भार कांहींच येत नाहीं; ती फक्त पट्ट्यांचा क्रम राखते. खालचा बंद सैल ठेवून जमिनीवर मांडावा, त्यांत चार चटया उभ्या कराव्या, तळ खोबणींत बसवावा, वर झांकण घालून दुसरा बंद चढवावा व मधला शेवटीं. प्रत्येक बंदाचीं टोकें बाहेर वळवून त्यांतून एक बोल्ट घातलेला असावा. पाना फिरविला कीं पीप आवळलें. लोहाराची धांव तापवून बसते. ही थंडच बसते आणि पुन्हां निघते.

मोडलेल्या पिपाचा गठ्ठा ८० सेंटिमीटर लांब, ५१ रुंद आणि १२ जाड होतो, म्हणजे सुमारें ५० लिटर जागा. उभें पीप ट्रकमध्यें २३० लिटर जागा अडवितें. एकाच्या जागेंत चार राहतात.

बंद किती जाड असावा, ह्याबद्दल बहुतेकांचा अंदाज चुकतो. पीप पाण्यानें कांठोकांठ भरलें तरी सर्व बंदांवर मिळून ओढ पडते ती जेमतेम ७० किलोची. दोन सेंटिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड पत्र्याची पट्टी एकटीच ह्याच्या कित्येक पट ओढ सोसते. खरा शत्रु आंतला माल नव्हे. खरा शत्रु वऱ्हाडचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठाक होते आणि लांकूड आक्रसतें. आषाढांत तेंच लांकूड ओल पिऊन फुगतें. लांबीकडून हा फरक जवळजवळ शून्य; रुंदीकडून मात्र होतो. पिपाचा घेर सगळा पट्ट्यांच्या रुंदीचाच बनलेला. शंभरांत एक भाग जरी फरक पडला, तरी १६३ सेंटिमीटरांच्या घेरांत दीड सेंटिमीटराहून जास्त अंतर पडतें. उन्हाळ्यांत बंद गळून पडतो, पावसाळ्यांत ताणानें बोल्ट वांकतो. म्हणून बोल्टाला निदान तीन सेंटिमीटरांचा आटा हवा, आणि मृगाच्या आधीं तो थोडा सैल करण्याची संवय हवी.

लांकूड अर्थात् सुकलेलें पाहिजे. स्पेनची गोष्ट वर आलीच आहे. सागवान फार कमी आक्रसतें म्हणून त्याला पहिली पसंती, आणि वलगांवाच्या रस्त्यानेंच मेळघाटचें सागवान परतवाड्याच्या बाजारांतून अमरावतीकडे येत आलें आहे. परंतु आज त्याचा भाव पाहतां पिपाला तें परवडणें कठीण. गाभ्याकडून सालीकडे चिरलेली फळी निवडली, तर हलकें लांकूडहि बरेंच स्थिर राहतें. परदेशीं जाणाऱ्या मालासाठीं आणखी एक अट आहे: सागवान असो वा दुसरें कांहीं, घट्ट लांकडाचें वेष्टन असेल तर गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता ३० मिनिटें दिलेली किंवा मान्य असलेली दुसरी प्रक्रिया केलेली असली पाहिजे, कारण लांकडांतील किडा सीमा ओलांडूं नये असा राष्ट्राराष्ट्रांतील नियम आहे.

एवढा खटाटोप कशासाठीं, घडीची चौकोनी पेटी कां नको, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आसामच्या मळ्यांत चहाच्या पेट्या प्लायवुडच्या सपाट फळ्यांच्या रूपानें जात आणि तेथेंच पत्र्याच्या कडा लावून उभ्या होत. त्यांनीं आपलें काम चोख केलें. हलक्या कोरड्या मालाला पेटीच बरी. पण तेवढ्याच घेराच्या चौकोनापेक्षां वर्तुळांत सव्वापट माल राहतो, आणि पिपाची भिंत चारी बाजूंनीं सारखाच दाब घेते. पेटीची फळी मध्यें फुगते व कोपऱ्यांत उकलते. जड, घरंगळणारा, दाबून भरावा लागणारा माल, जसें बियाणें किंवा डाळ, पिपांत अधिक सुरक्षित राहतो.

पाण्यासाठीं वा तेलासाठीं मात्र घडीच्या पिपाची शिफारस करूं नये. सांधे ओले राहिले तरच घट्ट राहतात. आठ महिने मोडून ठेवलेलें पीप पहिल्या दिवशीं गळणारच. आंत जाड प्लॅस्टिकची पिशवी घातली तर काम भागतें. मग लांकडाकडे फक्त बळकटीचें काम राहतें. सागवानाचें हें पीप तेवीस किलोंच्या आसपास भरेल, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिपाहून बरेंच जड, आणि पहिली किंमतहि जास्त. त्याच्या बाजूनें बोलावयाचें तें एवढेंच, कीं प्लॅस्टिकचें पीप तडकलें म्हणजे संपलें. ह्याची एक पट्टी मोडली तर एकच पट्टी बदलावी लागते, आणि ती बदलण्याचें काम गांवांतला वाढई अर्ध्या दिवसांत करूं शकतो. टेका लावलेला रंधा मात्र त्याच्याजवळ असला पाहिजे, आणि नऊ अंशांचा एक पत्र्याचा नमुना प्रत्येक गठ्ठ्याबरोबर झांकणाच्या आंतल्या अंगाला ठोकून पाठविलेला बरा.