आधी तिकीट, मग बंदूक

अमेरिकेत बदक-हंसांच्या शिकारीला निघालेल्या, सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला राज्याच्या परवान्याखेरीज २५ डॉलरचं 'डक स्टॅम्प' हे तिकीट घ्यावंच लागतं. १९३४ मध्ये ते एका डॉलरला मिळे. त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद. बहुतेक जण पोलादी वापरतात.

बदक वाऱ्याकडे तोंड करून उतरतं. म्हणून वारा पाठीवर घेऊन दबा धरायचा, पाण्यावर सोडलेल्या नकली बदकांमध्ये मोकळी जागा ठेवायची. ती भरून टाकणं ही नवशिक्यांची हमखास चूक. दुसरी चूक वर बघण्याची: लव्हाळ्यातून वर केलेला चेहरा ताटलीसारखा चमकतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ही शिकार गुन्हा आहे. हिवाळ्यात उजनी धरणावर पट्टकादंब हंस बघायला जाल, तर दुर्बीणच न्या.